सिक्सवाली मस्टँग घ्यायचीय? मग आधी हे तपासा

न्यू जर्सीत एडिसनच्या रूट १ वर आज दुकानांचं संकुल उभं आहे, तिथे २००४ पर्यंत फोर्डचा कारखाना होता. शेजारच्या गावावरून त्याला मेटचन म्हणत. पहिल्या पिढीच्या मस्टँग अमेरिकेत ज्या तीन ठिकाणी बनल्या, त्यातलं हे एक. दुसरं डिअरबॉर्न आणि तिसरं सॅन होजे. हे तिसरं प्रत्यक्षात मिल्पिटासला होतं आणि त्याच कारखान्याचा पुढे ग्रेट मॉल झाला. म्हणजे आपली मंडळी शनिवारी ज्या दोन गावांत किराणा भरतात, त्याच गावांत साठ वर्षांपूर्वी मस्टँग जन्माला येत होत्या.

त्यातल्या लाखो गाड्यांत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, नव्हतंच, हे मात्र लोक विसरतात. एप्रिल १९६४ मध्ये २,३६८ डॉलरला जी मस्टँग बाजारात आली, तिच्या बोनटखाली १७० घनइंचाचं, १०१ अश्वशक्तीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन होतं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून २०० घनइंचाचं १२० अश्वशक्तीचं इंजिन आलं. शेवरलेची कॅमॅरो, पॉन्टिअ‍ॅकची फायरबर्ड, क्रायस्लर घराण्यातल्या बॅराक्युडा आणि चॅलेंजर, इतकंच काय १९६८ ची चार्जरसुद्धा सिक्समध्ये, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनात मिळायची. या गाड्या तरुण शिक्षिकांनी, बँकेतल्या कारकुनांनी घेतल्या, रोज वापरल्या आणि पुढे स्वस्तात विकून टाकल्या. नंतरच्या मालकांनी इंजिन उपटून व्ही-एट बसवलं, नाहीतर तिचे दरवाजे आणि फेंडर दुसऱ्या गाडीला लावले. त्यामुळे जी गाडी तेव्हा गल्लोगल्ली दिसायची, ती मूळ इंजिनासकट सापडणं आज अवघड झालंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली जुनी अमेरिकन गाडी घेणाऱ्याने सिक्सच घ्यावी. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असते, पेट्रोल कमी लागतं आणि किंमत आवाक्यात असते. पण ती सिक्स म्हणून घ्या, सिक्सच्या भावात घ्या आणि सिक्सच ठेवा.

पायरी १: फोनवरच नंबर मागा

गाडी बघायला तीन तास ड्राइव्ह करण्याआधी विकणाऱ्याकडून चेसिस नंबराचा फोटो मागवा. "नंतर पाठवतो" म्हणाला तर तुम्हीही नंतरच जा.

मस्टँगच्या नंबराची सुरुवात समजा ५एफ०७टी अशी आहे. ५ म्हणजे १९६५. एफ म्हणजे डिअरबॉर्न. तिथे टी असेल तर गाडी एडिसनची, आर असेल तर मिल्पिटासची. ०७ म्हणजे हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. पाचवं अक्षर इंजिनाचं: यू म्हणजे १७०, टी म्हणजे २००. सी, ए किंवा के असेल तर २८९ चं व्ही-एट. १९६९ पासून एल हे अक्षर दिसलं तर २५० घनइंचाचं, १५५ अश्वशक्तीचं सिक्स. एडिसनच्या २०० वाल्या सिक्समध्ये टी दोनदा येतो, एकदा कारखान्याचा आणि एकदा इंजिनाचा. गोंधळू नका, जागा मोजा.

दरवाज्यावरच्या पाटीवर विसंबू नका. तशा पाट्या नव्या छापून मिळतात. खरा नंबर बोनट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. फेंडरच्या कडेला तेवढ्यासाठी खाच ठेवलेली असते. टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. अक्षरांभोवती घासल्याच्या रेघा किंवा वेल्डिंगची शिवण दिसली तर तिथूनच परत फिरा.

क्रायस्लरच्या गाड्यांतही योगायोगाने पाचवंच अक्षर बघायचं. १९७० ची चॅलेंजर जेएच२३सी अशी सुरू होत असेल तर ती २२५ घनइंचाच्या स्लँट सिक्सची, आणि जी असेल तर ३१८ व्ही-एटची. आर/टी या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा नंबर जेएस ने सुरू होतो. त्यामुळे जेएच ने सुरू होणाऱ्या गाडीवर आर/टी चे पट्टे दिसले, तर ते कुणीतरी नंतर चिकटवलेत. बॅराक्युडाचंही तसंच: बीएच ही साधी बॅराक्युडा, बीएस ही जास्त ताकदीची 'क्युडा.

शेवरलेचा नियम सर्वांत सोपा. १९६७ ते ६९ च्या कॅमॅरोचा नंबर १२३ ने सुरू झाला तर सिक्स, १२४ ने झाला तर व्ही-एट. तिसरा आकडा विषम की सम, एवढंच बघायचं. यावरून एक फसवणूक लगेच पकडता येते. कॅमॅरोचं एसएस (सुपर स्पोर्ट) पॅकेज व्ही-एटशिवाय मिळतच नव्हतं. मग १२३ नंबरच्या गाडीवर एसएस चा बिल्ला कितीही चकचकीत असो, तो बाजारातून आणलेला आहे. आरएस ची गोष्ट वेगळी. झाकलेल्या हेडलाइटचं ते पॅकेज सिक्सवरही मिळायचं, म्हणून सिक्सवाली आरएस खरी असू शकते.

एसएस म्हणजे नेहमी व्ही-एट, असाही समज करून घेऊ नका. १९६३ च्या शेवी टू नोव्हा एसएस मध्ये १९४ घनइंचाच्या, १२० अश्वशक्तीच्या सिक्सखेरीज दुसरं इंजिन कारखान्यातून मिळतच नव्हतं. १९६५ च्या मालिबू एसएस आणि इम्पाला एसएस याही सिक्समध्ये निघाल्या. जुन्या गाड्यांच्या जत्रेत अशी गाडी दिसली की "बिल्ला खोटा आहे" असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी काका भेटतो.

पायरी २: कागद

१९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मागवता येतो. गाडी कारखान्यातून काय काय घेऊन बाहेर पडली ते त्यात कळतं. पॉन्टिअ‍ॅकसाठी पीएचएस ही सेवा मूळ बिलाची प्रत देते. सिक्सवाल्या फायरबर्डसाठी हे थोडे पैसे खर्चायलाच हवेत, कारण साधी सिक्स आणि जास्त ताकदीची स्प्रिंट यांतला फरक त्या कागदावर दिसतो. क्रायस्लरच्या गाडीत सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्यातला कागद शोधा. उंदरांनी खाल्ला नसेल तर तिथेच मिळतो. अमेरिकेत विकलेल्या कॅमॅरोचे असे कागद कंपनीकडून मिळत नाहीत, म्हणून जुन्या मालकाने जपलेली बिलं हाती लागली तर ती सोन्यासारखी.

मालकीच्या टायटलवरचा नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटलच नसतं, नोंदणीचा कागद हातोहात पुढे जातो. तुमचं राज्य तो मान्य करतं का, ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

पायरी ३: तांब्याभर पाणी

इंजिन दुरुस्त करता येतं, पण सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो. १९६५ ते ६८ च्या मस्टँगमध्ये सगळ्यात मोठा धोका वरून अजिबात दिसत नाही.

विंडशील्डच्या पुढे वायपरजवळ हवेची जाळी असते. तिच्याखाली पत्र्याचा आडवा पोकळ बोगदा आहे, त्याला काउल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांनी खाली जमिनीवर निघून जातं. गाडीत हवा यावी म्हणून या बोगद्याला आत उघडणारी भोकं आहेत आणि पाणी आत शिरू नये म्हणून भोकांभोवती टोपीसारखी उभी कड आहे. पानं, पाइनच्या सुया, माती या कडेशी साचतात, ओल धरतात आणि कड खालून कुरतडली जाते. कारखान्याने आत रंग जेमतेमच मारलेला असतो.

आता तपासणी. बायकोला, भावाला, कुणालाही डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन उताणं झोपवा. तुम्ही जाळीवर आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला हळूहळू तांब्याभर पाणी ओता. पाणी चाकामागून जमिनीवर पडलं तर ठीक. आत झोपलेला माणूस ओरडला, तर काउल गेलं. ते दुरुस्त करायला वरचा पत्रा काढावा लागतो, म्हणजे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उघडायचे आणि परत जोडायचे. कित्येक दिवसांचं काम आहे. मी एकदा पाण्याला नकार देणाऱ्या मालकासमोर उभा होतो. "गालिचा नवा आहे, भिजेल," म्हणाला. म्हणजे पाणी आत येतं हे त्यालाही ठाऊक होतं.

मग गालिचा उचलून पायाखालचा पत्रा, गाडीखालच्या लांबट रेल, समोरच्या शॉक टॉवरला गेलेले तडे, बॅटरीखालचा पत्रा बघा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक चाकांच्या कमानीवर फिरवा. ते निसटलं तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कॅमॅरोत मागच्या काचेच्या खालची कड आणि पुढची सबफ्रेम जिथे बोल्टने बसते ती जागा बघा. चॅलेंजर-बॅराक्युडाला व्हिनाइलचं छप्पर असेल तर त्याच्याखाली काय चाललंय ते देव जाणे. बोटांनी दाबत जा, फुगवटे लागतील.

पायरी ४: चाकाचे नट मोजा

सिक्सवाल्या मस्टँगला चाकाला चार नट, व्ही-एटला पाच. मागचा अ‍ॅक्सल सिक्सला सव्वासात इंची, व्ही-एटला आठ इंची. पुढचे ड्रम ब्रेक सिक्सला नऊ इंची, व्ही-एटला दहा. स्टीअरिंगचे दांडेही वेगळे.

म्हणजे व्ही-एट नुसतं उचलून आत टाकलं तर काम संपत नाही. समोर २८९ आणि चाकाला चारच नट, अशी गाडी दिसली तर ब्रेक आणि अ‍ॅक्सल जुन्या वजनाचेच ठेवून कुणीतरी घाई केलीय. अशी गाडी माझ्या मते फुकटही नको. उलट, नंबर सिक्सचा, नट पाच आणि अ‍ॅक्सल आठ इंची असेल तर काम नीट झालंय. पण तरीही ती सिक्सची गाडी आहे आणि भाव त्याप्रमाणेच द्यायचा.

सुटे भाग मागवतानाही "१९६६ मस्टँग" एवढं सांगून भागत नाही. "सिक्स, चार नट" हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारा.

पायरी ५: इंजिन थंडच हवं

पोचल्या पोचल्या बोनटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलंय. चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. सुरू करताना निळा धूर किती वेळ येतो ते बघा. मग गरम झाल्यावर सहाही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत कमी सिलिंडरचा आकडा सर्वांत जास्त असलेल्याच्या ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. एकूण आकड्यापेक्षा सहा आकड्यांतली एकी महत्त्वाची.

पुढचं प्रत्येक घराण्याप्रमाणे बदलतं.

*फोर्डचं २००.* दणकट इंजिन. १७० मध्ये क्रँकला चार मेन बेअरिंग होती, यात सात आहेत. हवा आत नेणारी नळी हेडमध्येच ओतलेली असल्याने वेगळा मॅनिफोल्ड लावून ताकद वाढवण्याची स्वप्नं सोडून द्या. यातला खरा घोळ डिस्ट्रिब्युटरचा आहे, ज्याला आपले मिस्त्री डेल्को म्हणतात.

१९६७ पर्यंतच्या बहुतेक सिक्समध्ये लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर असतो. इतर डिस्ट्रिब्युटरांत वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगीचं टायमिंग पुढे सरकतं. यात वजनंच नाहीत. सगळं टायमिंग व्हॅक्युमवर सरकतं, आणि तो व्हॅक्युम मूळ ऑटोलाइट कार्बोरेटरच्या अंगात स्क्रूसारखी बसवलेली एक व्हॉल्व्ह मोजूनमापून देते. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर ही नवरा-बायकोची जोडी आहे.

माझ्या १९६६ च्या गाडीचा कार्बोरेटर गळायला लागला तेव्हा एका गॅरेजने "याच्यापेक्षा चांगला" म्हणून दुसऱ्या बनावटीचा नवाकोरा बसवून दिला. गाडी जागेवर छान चालायची, पण हायवेच्या रॅम्पवर चढताना बैलाने मान टाकावी तशी बसायची. मी प्लग बदलले, पंप बदलला, टाकी धुतली. तीन महिन्यांनी टायमिंग लाइट लावून बघितलं तेव्हा उजेड पडला. नव्या कार्बोरेटरला ती व्हॉल्व्हच नव्हती, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरला चुकीचा निरोप जात होता.

तुम्ही हे पाच मिनिटांत तपासू शकता. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युम नळी काढून तिचं तोंड बंद करा. टायमिंग लाइट लावून इंजिनाचा वेग वाढवा. क्रँकच्या पुलीवरची खूण जागची हललीच नाही तर आत लोड-ओ-मॅटिक आहे. आता कार्बोरेटर मूळचा आहे का बघा. नसेल, तर एकतर मूळ कार्बोरेटर परत बसवा, नाहीतर डिस्ट्रिब्युटरही १९६८ नंतरचा, वजनंवाला घ्या. बदलायचं तर जोडीने.

*क्रायस्लरचं स्लँट सिक्स.* तीस अंशांत कललेलं आणि हट्टी म्हणावं इतकं टिकाऊ. या इंजिनाची टकटक ऐकून घाबरू नका. त्यात व्हॉल्व्हची फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, ती फट हाताने लावावी लागते: इंजिन गरम असताना इनटेकला ०.०१० इंच, एक्झॉस्टला ०.०२०. उलट अजिबात आवाज येत नसेल तर मला संशय येतो. कुणीतरी शांततेसाठी फट आवळून टाकलेली असते आणि मग एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जुळलेल्या डॉज-प्लिमथवर हात चालवलेल्या जुन्या मिस्त्रींना क्रायस्लरचं सिक्स नवं नव्हतं. ते इंजिन आणखी जुन्या, वेगळ्या बनावटीचं होतं, पण "आवाज करतंय तोवर काळजी नाही" ही त्यांची समज इथेही लागू पडते.

*पॉन्टिअ‍ॅकचं ओएचसी सिक्स.* या सगळ्यांत माझं लाडकं. १९६६ मध्ये, जॉन डिलोरियन पॉन्टिअ‍ॅकचे प्रमुख असताना, डेट्रॉइटच्या रीतीच्या अगदी उलट जाऊन हे इंजिन आलं: कॅमशाफ्ट वर हेडवर आणि ते फिरवायला रबरी पट्टा. १९६७ च्या फायरबर्डमध्ये साधं २३० घनइंचाचं १६५ अश्वशक्तीचं होतं. स्प्रिंटमध्ये मात्र चार बॅरलचा कार्बोरेटर आणि १०.५ चं कॉम्प्रेशन घेऊन तेच इंजिन २१५ अश्वशक्तीपर्यंत जायचं. १९६९ च्या मॅन्युअल गिअरच्या स्प्रिंटचा आकडा २३०. १९७० ला हे इंजिन बंद झालं आणि फायरबर्डला शेवरलेचं २५० बसलं.

हे इंजिन घेताना दोन ठिकाणी थांबा. एक, पट्टा. तेलाचा पंप आणि डिस्ट्रिब्युटरही याच पट्ट्यावर चालतात. शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि घरी ट्रेलरवर आणा. दोन, वरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण. कॅमशाफ्ट त्या झाकणातच थेट फिरतो, वेगळी बेअरिंग नाहीत. वर्षानुवर्षं तेल न बदलल्याने वाट तुंबली असेल तर झाकणच झिजतं आणि बदली झाकण शोधणं म्हणजे वणवण. तेलाची टोपी काढून आत बोट फिरवा. काळा चिकट गाळ हाती लागला तर भाव पाडा किंवा निघून या.

शेवरलेच्या २३० आणि २५० बद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि तेच त्यांचं कौतुक. सुटे भाग सहज मिळतात.

पायरी ६: चालवून बघा

सुरुवातीच्या मॅन्युअल सिक्स मस्टँगच्या तीन गिअरच्या खोक्यात पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी रचना, नसते. गाडी हलत असताना पहिला टाकला तर ती किंचाळणारच. तो बिघाड नाही. कॅमॅरोत पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक असेल तर दोनच गिअर. पहिला कितीही लांब खेचला गेला तरी धीर धरा.

ब्रेक मात्र गंभीरपणे घ्या. १९६६ पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकची एकच लाइन आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ पासून दुहेरी आली. जुन्या गाडीला दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणं हा मूळपणाशी केलेला एकमेव बदल आहे जो मी डोळे मिटून करायला सांगतो.

ताकदीचे आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. १९७१ पर्यंतचे आकडे टेबलावर ठेवलेल्या, पंखा-सायलेन्सर नसलेल्या इंजिनाचे असत. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या इंजिनाचे. म्हणून २२५ चं स्लँट सिक्स कागदावर १४५ वरून ११० वर घसरलं. "७२ नंतरची मरतुकडी" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. तरी १९८२ ची कॅमॅरो अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनासकट आणि ९० अश्वशक्तीत विकली गेली, तिचा बचाव मीसुद्धा करणार नाही. कुतूहल म्हणून एखादी चालवून जरूर बघा, वेळ काढून.

पायरी ७: भाव करताना

विकणारा म्हणेल, "अशा फारच थोड्या उरल्यात." खरं असेलही. शेवरलेच्या १९५५ च्या ७०० कॉर्व्हेटपैकी सिक्सच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि व्ही-एटच्या नंबरापुढे व्ही असायचा तो त्यांच्या नंबरात नाही. तिला त्या दुर्मीळपणाचे पैसे मिळतात, कारण घेणारे रांगेत आहेत. साध्या १९६८ च्या स्लँट सिक्स चार्जरसाठी तशी रांग नाही. तिच्या मालकाला नम्रपणे विचारा, "गेल्या महिन्यात किती जण बघून गेले?"

ज्या गोष्टी परत मिळत नाहीत त्यांचेच पैसे द्या: न सडलेला काउल, न तोडलेला डॅशबोर्ड, मूळ इंजिन, मूळ कागद. रंग, सीट, टायर यांसाठी जास्त देऊ नका.

घरी आल्यावर

विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे अपघात झाला तर घसारा लावून हातावर तुरी मिळत नाहीत. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक नंबर पाटी मिळते, पण रोज ऑफिसला न्यायची असेल तर ती घेऊ नका, वापरावर बंधनं आहेत. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग तपासणी नाही.

पहिल्या आठवड्यात ब्रेकच्या रबरी नळ्या, पेट्रोलच्या नळ्या आणि टायर बदला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं, म्हणून नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला छापलेली तारीख वाचा. दहा वर्षांचा टायर हायवेवर नेऊ नका. रेडिएटरचं पाणी, गिअरचं तेल, अ‍ॅक्सलचं तेल एकदमच बदलून टाका आणि तारीख लिहून ठेवा.

मूळ कार्बोरेटर काढावा लागलाच तर तो विकू नका आणि त्याला अडकवलेला पत्र्याचा छोटा टॅगही काढू नका. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, खोक्यावर चेसिस नंबर लिहून डिकीत ठेवा.